न्यायाधीशानं आठवा अंक पाहिलेला नसतो

"आगं, तिनं केलंच न्हाई! मी बघितलंय की ह्या डोळ्यांनी."

शेजारच्या काकूंच्या मांडीवर मेथीची जुडी निम्मी निवडून तशीच पडली होती. समोर रात्री साडेआठची मालिका. धाकट्या सुनेच्या हातात बेड्या, दारात पोलीस, मागं सासूचा हंबरडा. दुधात औषध कालवलं होतं मोठ्या जावेनं, बाटली नेऊन ठेवली धाकटीच्या कपाटात, आणि पोलिसांना ती बरोबर तिथंच सापडली. काकूंनी तो सगळा भाग बघितलेला, त्यामुळं त्यांचा जीव नुसता वरखाली होत होता. जाहिरात लागली तशा माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू वकील हाईस न्हवं? जामीन मिळंल का गं तिला?"

मी सांगलीत वकिली करते आणि विधी सेवेच्या पॅनेलवर आहे. म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या केसेस चालवते, जेलमध्ये बंदींना भेटायला जाते. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं, ते पुढं सांगतेच. पण त्या रात्री मला झोप लागेना, ती दुसऱ्याच एका वाक्यामुळं. तीन वर्षांपूर्वी ह्याच काकू, ह्याच खोलीत, त्यांच्याकडं धुणंभांडी करणाऱ्या बाईबद्दल म्हणाल्या होत्या, "पोलीस काय उगीच उचलत्यात व्हय? काहीतरी केलं असणारच."

काकू कठोर काळजाच्या नाहीत. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं, तेव्हा शाळेत आणून ठेवलेल्या लोकांसाठी त्यांनी चार दिवस भाकऱ्या थापल्या, ओळखीपाळखीचं कुणी नसताना. म्हणून मला ह्या दोन वाक्यांचं कोडं पडलं. पडद्यावरच्या सुनेसाठी जिचा घास अडकतो, तिला दारातली बाई का दिसू नये? ह्यावर बरंच संशोधन झालेलं आहे, आणि ते काकूंनाच काय, आपल्या सगळ्यांनाच लागू पडतं.

सुरुवात सांगलीपासूनच करू. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हापासून ह्या गावाला खोट्यावर खरं प्रेम करायची सवय आहे. त्या जुन्या खेळांत राक्षस 'अललडुर्र' करत आला की माणसं दचकायची, आणि त्या आरोळीवरून त्या नाटकांना नावच पडलं. पुढं इथल्याच, हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी शूद्रकाचं मृच्छकटिक मराठीत आणलं. निर्दोष माणसाला शिक्षा कशी होते हे समजून घ्यायचं असेल तर त्याच्याइतका चांगला धडा मला दुसरा सापडलेला नाही.

मूळ संस्कृत नाटकाच्या आठव्या अंकात राजाचा मेहुणा शकार हा गणिका वसंतसेनेचा गळा दाबतो, ती मेली असं समजून पाचोळ्याखाली झाकतो आणि तिच्या प्रियकरानं, चारुदत्तानं, तिला दागिन्यांसाठी मारलं अशी फिर्याद घेऊन न्यायालयात जातो. नवव्या अंकात खटला. तिथला न्यायाधीश चांगला माणूस आहे. चारुदत्ताबद्दल त्याच्या मनात आदर आहे, शकाराचा त्याला तिटकारा आहे. पण वसंतसेना शेवटची चारुदत्ताकडं होती असं तिची आईच सांगते, आणि भर न्यायालयात चारुदत्ताच्या मित्राच्या अंगावरून तिचे दागिने खाली पडतात. न्यायाधीशाचे हात बांधले जातात. तो हद्दपारीची शिफारस करतो, राजा सुळावर चढवायचा हुकूम देतो.

प्रेक्षक सगळा वेळ आतून ओरडत असतो. का? तर त्यानं आठवा अंक बघितलेला असतो. न्यायाधीशानं बघितलेला नसतो. त्याच्यापुढं फक्त नववा अंक आहे: साक्ष, दागिने, आणि तोंडातून शब्द न फुटणारा आरोपी.

मालिका नेमकं हेच करते. जाऊ औषध कालवते तो प्रसंग आपल्याला आधी दाखवतात, कॅमेरा तिच्या हातावर, मग बाटलीवर, मग कपाटाच्या फटीवर नेतात. त्या मिनिटाला आपण प्रेक्षक राहत नाही, साक्षीदार होतो. आणि साक्षीदार असून साक्ष देता येत नाही, ह्या अवस्थेइतकी माणसाला बेचैन करणारी गोष्ट नाही. काकू म्हणाल्या ते "मला वाटतं ती निर्दोष आहे" असं नव्हतं, "मी बघितलंय" असं होतं.

दुसरी गोष्ट जवळिकीची. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल ह्या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्ये एक निरीक्षण मांडलं. टीव्ही-रेडिओवरच्या माणसाशी बघणाऱ्याचं एकतर्फी नातं जडतं. आपण त्याला ओळखतो, तो आपल्याला ओळखत नाही, पण आपल्या मनाच्या लेखी ते नातं जवळपास खऱ्यासारखंच असतं. हिशोब करून बघा. काकूंची सख्खी पुतणी इचलकरंजीला असते, वर्षातून दोनदा भेटते. मालिकेतली सून आठवड्यातले सहा दिवस घरात येते. तिचं लग्न काकूंनी बघितलंय, गर्भपात बघितलाय, देवघरात एकटीनं रडणं बघितलंय. पडद्यावर तिचा चेहरा जितक्या जवळून दिसतो तितक्या जवळून आपण फक्त आपल्या लेकराचा किंवा नवऱ्याचा चेहरा बघतो. मेंदू हा सगळा पुरावा मोजतो आणि ठरवतो, ही घरची आहे.

दूरदर्शनवर १९८४ मध्ये हम लोग सुरू झाली तेव्हा प्रेक्षकांची चार लाखांच्या आसपास पत्रं आली होती. त्यातली कित्येक थेट पात्रांना लिहिलेली. आपल्याकडचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. निळू फुले पडद्याबाहेर साधे, सेवादलाच्या संस्कारातले समाजवादी कार्यकर्ते, पण गावोगावच्या बायका त्यांना बघून पदर सावरायच्या. ह्याला भाबडेपणा म्हणून हसणं सोपं आहे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. ज्या यंत्रणेनं आपण दुसऱ्याचं दुःख ओळखतो, तीच तिथं काम करत असते.

चुकीच्या तुरुंगवासाची मालिका आणि त्यावर पेटलेले प्रेक्षक ह्याचं एक गाजलेलं उदाहरण इंग्लंडचं आहे. कोरोनेशन स्ट्रीट ही मालिका तिथं १९६० पासून चालू आहे. १९९८ च्या मार्चमध्ये तिच्यात डिअर्ड्री रशीद ह्या बाईला फसवणुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरवून तुरुंगात धाडलेलं दाखवलं. ही भूमिका ॲन कर्कब्राइड ही अभिनेत्री करायची. खरा भामटा होता तिचा प्रियकर, स्वतःला विमानाचा पायलट म्हणवणारा. प्रेक्षकांना ते ठाऊक, कोर्टाला नाही. देशभर गहजब झाला. वर्तमानपत्रांनी 'वेदरफिल्ड वनला सोडा' अशी मोहीम चालवली. वेदरफिल्ड हे मालिकेतलं काल्पनिक गाव, आणि वन म्हणजे ती एकटी. खुद्द पंतप्रधान टोनी ब्लेअर त्यावर जाहीरपणे बोलले. मालिकेत तीन आठवड्यांतच ती सुटली.

त्या घोषणेचं नाव असं का पडलं, हे कळलं तर ह्या गोष्टीचा अर्थ बदलतो. ब्रिटनमध्ये त्याआधी 'बर्मिंगहॅम सिक्स' नावाचं प्रकरण झालं होतं. बॉम्बस्फोटाच्या आरोपाखाली सहा जणांना जन्मठेप झाली, ते १६ वर्षं आत राहिले आणि १९९१ मध्ये त्यांची शिक्षा रद्द झाली. 'गिल्डफर्ड फोर' हे तशाच आरोपातले चौघे १९८९ मध्ये सुटले. त्या धक्क्यांतूनच निकाल पुन्हा तपासणारा एक स्वतंत्र आयोग नेमला गेला आणि १९९७ मध्ये त्याचं काम सुरू झालं. म्हणजे डिअर्ड्रीसाठी घोषणा देणाऱ्या लोकांच्या ओठांवर खऱ्या निर्दोष माणसांच्या मोहिमेचीच भाषा होती. फरक इतकाच की डिअर्ड्री तीन आठवड्यांत घरी आली, आणि त्या सहा जणांना १६ वर्षं लागली.

आता मूळ कोड्याकडं येते. खऱ्या निर्दोषासाठी काळीज लगेच का हलत नाही?

मेल्विन लर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये आपल्या सहकारी कॅरोलिन सिमन्सबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलींना पडद्यावर त्यांच्याच वयाची एक मुलगी दाखवली. ती काही शिकायचा प्रयत्न करतेय, आणि चुकली की तिला विजेचा झटका बसतोय, ती कळवळतेय. झटके खरे नव्हते, पण बघणाऱ्या मुलींना ते माहीत नव्हतं. काही जणींना सांगितलं की तुम्ही मत देऊन हिचा त्रास थांबवू शकता, आणि तिला बक्षीसही मिळेल. बहुतेकींनी थांबवलं, आणि नंतर त्या मुलीबद्दल त्या बऱ्यापैकी चांगलं बोलल्या. दुसऱ्या गटाला सांगितलं, हा त्रास चालूच राहणार, तुमच्या हातात काही नाही. ह्या गटातल्या मुलींनी नंतर तिचं वर्णन करताना तिलाच नावं ठेवली. मुलगी तीच, झटके तेच, दोष काडीचा नाही. तरी ती त्यांच्या मनातून उतरली.

लर्नरनं ह्याचा अर्थ असा लावला की जगात न्याय आहे हे धरून चालल्याशिवाय आपल्याला जगणं जड जातं. चांगल्याचं चांगलं होतं, वाईटाचं वाईट. समोर एखादा निष्पाप माणूस भरडला जात असेल तर ह्या विश्वासाला तडा जातो. मग दोनच वाटा राहतात. एकतर त्याचा त्रास थांबवा, नाहीतर तो निष्पाप नाहीच असं मनाला पटवा. पहिली वाट बंद असेल तर माणूस नकळत दुसरीनं जातो. आपल्या भाषेत त्यासाठी वाक्यं तयारच आहेत. आगीशिवाय धूर निघत नाही. कर नाही त्याला डर कशाला. ज्याचं कर्म त्याच्यापाशी.

ह्या प्रयोगात आणखी एक गट होता, आणि मला तो सगळ्यात जास्त चटका लावून गेला. त्यात ती मुलगी दुसऱ्यांचं नुकसान होऊ नये म्हणून झटके सोसायला स्वतःहून तयार होते, असं दाखवलं. तिला तर बघणाऱ्यांनी सगळ्यात खाली ढकललं. त्याग करणारीवर सगळ्यात जास्त राग.

हे वाचल्यावर मला मालिकेतल्या सुनेचे पुढचे दोन महिने समजले. पहिला आठवडा सगळी गल्ली रडली. तिसऱ्या आठवड्यापासून सूर बदलला. ती घराण्याच्या अब्रूपायी जावेचं नाव घेत नव्हती, आणि मेथी, गवार, शेवग्याच्या शेंगा निवडता निवडता बायका तिच्यावर करवादायला लागल्या. "बावळट हाय नुसती." "तोंडात काय मिठाची गुळणी धरलीया का हिनं?" लेखकावर राग होताच, पण त्यातला निम्मा तिच्यावरही निघाला. तरीसुद्धा टीव्ही कुणी बंद केला नाही, कारण एक गोष्ट सगळ्यांना पक्की माहीत होती: ती सुटणार. नायिका आहे, सुटल्याशिवाय राहते होय! सणासुदीच्या तोंडावर नाहीतर महाएपिसोडला, पण सुटणार.

माझ्या मते सगळं इथं येऊन थांबतं. मालिकेतल्या कैद्यासाठी आपण मोकळेपणानं रडू शकतो, कारण तिची सुटका ठरलेली आहे. लर्नरच्या पहिल्या गटासारखं आपल्याला आधीच वचन मिळालेलं असतं की शेवटी न्याय होणार. त्या भरवशावर मन उघडं राहतं. खऱ्या आयुष्यात तो भरवसा नाही. धुणंभांडी करणारी बाई सुटेल की नाही, कधी सुटेल, हे कुणी सांगत नाही, आणि आपल्या हातात काही आहे असंही वाटत नाही. मग मन दार लावून घेतं. "काहीतरी केलं असणारच" हे वाक्य म्हणजे त्या दाराची कडी.

त्या बाईचं नाव-गाव मी सांगणार नाही. एका घरातल्या सोन्याच्या पाटल्या गेल्या आणि संशय तिच्यावर आला. नवव्या दिवशी कोर्टानं जामीन दिला, पंधरा हजारांचा, एक जामीनदार. तिच्या ओळखीत घर नाहीतर जमीन नावावर असलेला माणूसच नव्हता. दीर तयार झाला होता, पण तो भाड्यानं राहणारा. अशी ती जामीन मिळूनही आत राहिली, एकूण एकेचाळीस दिवस.

सांगलीचं जेल गावाच्या मधोमध आहे, जुन्या किल्ल्याच्या आवारात. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील साथीदारांसह ह्याच जेलमधून निसटले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला, ही गोष्ट सांगलीतल्या पोरासोरांना पाठ असते. मी भेटीला गेले तेव्हा केसबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. तिनं विचारलं, "रेशनला पोरीनं अंगठा दिला का? न्हाईतर ह्या महिन्याचं जाईल." मग तिनं हात टेबलावर ठेवले. भांड्याच्या पावडरनं तिची बोटं कायम चिरलेली असायची, भेगांत काळं बसलेलं. ते हात बरे झाले होते. कातडी भरून आली होती, नखं वाढली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातांना पाण्यापासून सुट्टी मिळाली होती, आणि ती त्यांच्याकडं दुसऱ्या कुणाचे असावेत तसं बघत होती.

पाटल्या पुढं सापडल्या. घरातल्याच एका माणसानं त्या गहाण टाकल्या होत्या. गेल्या वर्षी ती निर्दोष सुटली. तोवर तिची सहाच्या सहा घरं सुटली होती, काकूंचं धरून. निकालाचं मी काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "सुटली म्हंजे पुरावा मिळाला नसंल." काकूंनी तिचा आठवा अंक बघितलाच नव्हता. तो कुणी चित्रितच केलेला नसतो.

आता काकूंच्या त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. मालिकेतली सून खरी असती तर काय झालं असतं?

पहिली गोष्ट, रात्री तिला उचलताच आलं नसतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक कारण असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. बेड्याही सरसकट घालता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालय हे १९८० पासून सांगत आलंय. नव्या कायद्यात काही ठरावीक गंभीर गुन्ह्यांपुरती ती मुभा आहे. अटकेपासून २४ तासांच्या आत तिला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं उभं करावं लागतं, हा थेट घटनेतला हक्क आहे, अनुच्छेद २२. तिथं पोलीस कोठडी मागतात. कोर्टात आम्ही त्याला पीसीआर म्हणतो, ती सगळी मिळून १५ दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. पीसीआर संपला की एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजेच जेल. साधारणपणे एमसीआर झाला की आम्ही जामिनाचा अर्ज टाकतो. आरोपी बाई आहे ही गोष्ट गंभीर गुन्ह्यातसुद्धा जामिनासाठी विचारात घेता येते, तसं कायद्यातच लिहिलंय. आणि तपास ६० दिवसांत, गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत पूर्ण होऊन दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्कच होतो. मात्र तो मागावा लागतो, आपोआप कुणी देत नाही.

वकील? बाईला उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कुठल्याही बाईला आणि कोठडीतल्या कुठल्याही माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो. १५१०० ह्या नंबरवर फोन केला तरी चालतो. मालिकेतली सून तीन आठवडे वकिलाविना बसली होती, ते बघताना मला खरोखर हातपाय हलवावेसे वाटत होते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या ४७९ व्या कलमात एक फार मोलाची तरतूद आहे. खटला चालू असताना आरोपीनं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडायचं, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ झाल्यावरच. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकापेक्षा जास्त केसेस अंगावर असणाऱ्यांना ते लागू नाही. जेलच्या अधीक्षकानं स्वतःहून कोर्टाला तसा अर्ज करायचा असतो. बराकीत हे माहीत असणारी माणसं कमी भेटतात, म्हणून मी प्रत्येक भेटीत सांगत सुटते.

मालिकेत अन्याय निकालातून होतो. हातोडा आपटला की नायिका दोषी. (आपल्या कोर्टात न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत, पण ते राहू दे.) प्रत्यक्षात बहुतेकांवर अन्याय होतो तो निकाल लागायच्या कितीतरी आधी, तारखांमधून. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणं २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती, त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. चारातल्या तिघांवर अजून काहीही सिद्ध झालेलं नव्हतं. ते सगळे निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. त्यातले निर्दोष कोणते हे आपल्याला बाहेरून ओळखता येत नाही, इतकंच म्हणते.

आणि निकालही चुकतात. २००३ मध्ये जालना जिल्ह्यात एका कुटुंबावर भीषण हल्ला झाला, पाच जणांचे खून झाले. भटक्या समाजातले सहा जण पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. पुढं तेच प्रकरण पुन्हा ऐकायला घेतलं, आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार बाईनं सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. राज्य सरकारनं प्रत्येकाला पाच लाख द्यावेत असा आदेश झाला. सोळा वर्षांचे पाच लाख. अशी भरपाई मिळण्यासाठी आपल्याकडं अजून स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगानं २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात तो करा म्हणून शिफारस केलेली आहे.

ह्या सहा जणांसाठी कुठली घोषणा गाजली? ज्या समाजांना ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, तिथल्या माणसाला पकडल्यावर आपल्या मनातला आठवा अंक आधीच लिहून तयार असतो. तिथं खलनायकाची निवड आपण कधीच करून बसलेलो असतो.

मालिकांना ह्यात काहीच करता येत नाही असं मात्र मला वाटत नाही. इंग्लंडमध्येच २०१६ मध्ये आर्चर्स ह्या रेडिओ मालिकेत हेलन नावाच्या बाईची गोष्ट चालू होती. नवरा तिचा वर्षानुवर्षं मानसिक छळ करतो, शेवटी तिच्या हातून त्याच्यावर सुरीचे वार होतात, ती तुरुंगात जाते, कैदेत असतानाच बाळंत होते, आणि सप्टेंबरमध्ये ज्युरी तिला निर्दोष ठरवते. हे चालू असताना एका श्रोत्यानं तिच्या नावानं निधी सुरू केला. हेलन तर खोटी, मग पैसे कुणाला? छळ झालेल्या खऱ्या बायकांना आसरा देणाऱ्या संस्थेला. एक लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली. लोकांना काहीतरी करता येईल अशी वाट मिळाली होती. लर्नरच्या पहिल्या गटातल्या मुलींना मिळाली होती तशीच.

आमच्या मालिकेतली सून परवा सुटली. काकूंनी शिरा केला, माझ्यासाठी वाटीभर घेऊन आल्या. सोफ्यावर बसल्या, आणि मी कोर्टाचे कागद लावत होते ते बघत राहिल्या. वरच्याच कागदावर एका बाईचा जामीन मंजूर झाल्याचा हुकूम होता, बारा दिवसांपूर्वीचा.

"सुटली का ही?"

"नाही. जामीनदार नाही मिळाला. महिना झाला की अट सैल करा म्हणून कोर्टापुढं विषय घेता येतो, सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये तसं सांगितलंय. तोवर आत."

"जामीनदार व्हायला काय लागतं गं?"

"आधार कार्ड, रेशन कार्ड, दोन फोटो. आणि सातबारा नाहीतर घरपट्टीची पावती. विजयनगरला कोर्टात स्वतः यावं लागतं, जज विचारतात ओळखता का म्हणून."

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आणि ती तारखेला आलीच न्हाई तर?"

"तर नोटीस येते, आणि बाँडची रक्कम भरायची वेळ येऊ शकते. हिचा पंधरा हजारांचा आहे."

"तू बघितलंयस तिला?"

"दोनदा. पोरगं चौथीत आहे तिचं. त्याची फार चौकशी करते."

"तिनं केलंय का?"

"मला माहीत नाही काकू. मी बघितलेलं नाही."

काकूंनी रिकामी वाटी उचलली. घरपट्टी काकांच्या नावावर आहे, म्हणाल्या, त्यांना विचारून सांगते.